खाडा आणि बदली

"सगळे बदलीवर इलेले दिसतत," अप्पा म्हणाले आणि फोन माझ्या हातात परत देऊन चहाचं आधण ठेवायला उठले. 2024 च्या फेब्रुवारीतला पहिला रविवार, पहाटेचे चार वाजत आलेले. डोंबिवलीत अजून दूधवालासुद्धा उठला नव्हता, आणि तिकडे न्यूझीलंडात माऊंट माँगानुईला लख्ख ऊन पडलं होतं. गवताच्या उतारावर माणसं रुंद काठाच्या टोप्या घालून, चादरी अंथरून बसली होती. मैदानात दक्षिण आफ्रिकेचे अकरा जण होते आणि त्यातले निम्मे मला ओळखू येत नव्हते. अप्पांना तर एकही नाही. त्यांच्या डोक्यातली दक्षिण आफ्रिका डोनाल्ड, ऱ्होड्स, कॅलिस, अमला, स्टेन अशी आहे. मेहनत करून त्यांनी रबाडापर्यंत मजल मारली होती. आता प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून "हो खयचो?" चाललं होतं. कप्तानाचं नाव नील ब्रँड आहे असं सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जाहिरातीतलो?"

संघ का असा, ते मी त्यांना जरा तावातावानंच समजावून सांगितलं होतं. तो ताव महिनाभर साठलेला होता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सेंच्युरियनला याच देशानं आपल्याला एक डाव आणि 32 धावांनी लोळवलं, आणि त्याच आठवड्यात न्यूझीलंड दौऱ्याचा संघ जाहीर झाला. त्यात कधीही कसोटी न खेळलेले सात जण होते, आणि कप्तान त्यातलाच एक. नेहमीचे बहुतेक खेळाडू घरीच राहणार होते, कारण त्याच दिवसांत तिथली वीस षटकांची लीग होती आणि करारानुसार त्यांना लीगच खेळायची होती. स्टीव्ह वॉनं तर उघड लिहिलं, मी न्यूझीलंड असतो तर ही मालिका खेळलोच नसतो. मीही तेच बोलत फिरत होतो. ऑफिसात, लोकलमध्ये, आणि त्या पहाटे घरात. माझं सगळं ऐकून घेऊन अप्पांनी एवढंच म्हटलं की सगळे बदलीवर आलेत. त्यात ना तुच्छता होती, ना कीव. उलट गावाकडचं माणूस अचानक फलाटावर भेटावं तसा त्यांचा सूर होता. तो सूर माझ्या डोक्यातून जाईना.

अप्पा साठच्या दशकाच्या शेवटी कणकवलीहून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. लागले म्हणजे काय, तर बदली पास मिळाला. पास असला की रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचा हक्क मिळतो, कामाचा नाही. आत कुणी खाडा केला असेल, कुणाला ताप आला असेल, कुणाच्या गावाहून तार आली असेल, तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येणार, नजर फिरवणार आणि बोट दाखवणार. बोट आपल्याकडे वळलं तर त्या दिवसाचा रोज पडला. नाही वळलं तर परत खोलीवर, किंवा दुसऱ्या पाळीपर्यंत फुटपाथवर. अप्पा सांगतात, गेट उघडलं की आतून तेलाचा आणि खळीचा एक दमट वास यायचा, आणि ज्याला काम मिळालं नाही त्याच्या नाकात तो दिवसभर राहायचा. ज्याला मिळालं त्याच्या पापण्यांवर संध्याकाळी कापसाची तुसं. बदलीवाल्यांची चलती दोन वेळेला, मे महिन्यात आणि गणपतीत. कायम असलेले सगळे कोकणात पळालेले, खाड्यावर खाडे, साचाखात्यात अर्धे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, माणसाची वाट बघत उभे. म्हणजे जेव्हा गावाला जायचं तेव्हाच काम पिकायचं. आमच्या आजीला हे शेवटपर्यंत उमजलं नाही. सगळ्यांचे मुलगे चतुर्थीला येतात, माझाच कसा येत नाही, म्हणायची.

दुसऱ्याचा साचा चालवताना कसं वाटायचं, असं मी त्यांना कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं. शहाणपणाचा प्रश्न होता तो, पुस्तकं वाचून आलेला. ते म्हणाले, साच्याला काय कळतं कोण उभा आहे ते. कापड कापडच निघतं.

त्या पहाटे त्शेपो मोरेकी नावाच्या माणसानं कसोटी क्रिकेटमधला आपला पहिला चेंडू टाकला आणि डेव्हॉन कॉन्वे पायचीत झाला. पहिल्याच चेंडूवर! वयाची तिशी गाठलेला गोलंदाज, वर्षानुवर्षं रिकाम्या स्टँडसमोर देशांतर्गत सामने खेळलेला, आणि जगभरचे लोक ज्याला तोतया संघ म्हणत होते त्यातला एक. तो पळत सुटला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्यात मला तोतयेपणा दिसला नाही. अप्पा चहाचा कप घेऊन आले होते, ते म्हणाले, "गावलो साचो." त्या दिवशी सहा जणांची ती पहिली कसोटी होती. पुढे रचिन रवींद्रनं 240 धावा काढून त्यांना उन्हात भाजून काढलं, केन विल्यमसननं दोन्ही डावांत शतकं ठोकली, आणि सामना 281 धावांनी गेला. पण नील ब्रँडनं आपल्या डावखुऱ्या फिरकीवर पहिल्या डावात 119 धावांत सहा बळी घेतले. कप्तान म्हणून पदार्पण करताना कसोटीत आजवर कुणी इतकी चांगली गोलंदाजी केलेली नाही. आता हा विक्रम कुठे ठेवायचा? रबाडा, यान्सन, महाराज असते तर ब्रँडला चेंडू मिळाला नसता, कप्तानपद सोडाच, विमानाचं तिकीटही मिळालं नसतं. विक्रम खरा आहे आणि ज्या दारातून तो आत आला ते दार दुसऱ्याच्या खाड्यानं उघडलेलं आहे. हे दोन्ही एकाच वेळी मान्य करायला मला अजूनही जड जातं.

हॅमिल्टनच्या दुसऱ्या कसोटीत तर गंमतच होती. लीगचा अंतिम सामना 10 फेब्रुवारीला केपटाऊनमध्ये उरकला, आणि ही कसोटी सुरू झाली 13 ला. म्हणजे कायमवाले मोकळे झाले होते, पण इतक्या लांब आता कोण येणार. संघ तोच. त्यात डेन पीट होता, जो काही वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत आपलं आता काही नाही म्हणून अमेरिकेला गेला होता आणि परत आला होता. त्यानं पाच बळी घेतले. पहिल्या कसोटीत ड्वेन ऑलिव्हिए खेळला होता, 2019 मध्ये यॉर्कशरशी कोल्पाक करार, म्हणजे देशाकडून खेळणं सोडून इंग्लिश काउंटीत खेळायचा करार, करून देशाकडे पाठ फिरवलेला आणि मागाहून परतलेला. शॉन फॉन बर्ग नावाचा लेगस्पिनर सदतिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळत होता. या वयात माणसं निवृत्तीची भाषणं करतात. या मंडळींनी पहिल्या डावात चक्क 31 धावांची आघाडी घेतली. डेव्हिड बेडिंगहमनं दुसऱ्या डावात 110 काढल्या. एक पूर्ण दिवस असा गेला की न्यूझीलंड हरेल की काय असं वाटत होतं. शेवटी विल्यमसननं नेहमीप्रमाणे, कुणालाही न दुखावता, शतक काढून सामना जिंकून दिला. 1932 पासून दोन्ही देश एकमेकांशी कसोटी खेळतायत आणि न्यूझीलंडनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जिंकलेली ही पहिली मालिका. त्यांनी चषक उंचावला तेव्हा हसू थोडं अवघडलेलं होतं, का मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

मला उगाच 1977 आठवलं. आठवलं म्हणजे ऐकलेलं. मी तेव्हा रांगत असेन. केरी पॅकर नावाच्या टीव्ही चॅनेलच्या मालकानं ऑस्ट्रेलियाचे जवळजवळ सगळे मोठे खेळाडू पैशाच्या जोरावर आपल्या सर्कशीत नेले आणि उरलेल्यांचं नेतृत्व करायला बॉब सिम्पसनला एक्केचाळिसाव्या वर्षी निवृत्तीतून उठवून आणलं. त्या ऑस्ट्रेलियात आपला संघ गेला. गावसकरनं पहिल्या तिन्ही कसोट्यांत दुसऱ्या डावात शतक काढलं. मेलबर्नला चंद्रशेखरनं दोन्ही डावांत अगदी सारखे, 52 धावांत सहा, 52 धावांत सहा असे बारा बळी घेतले आणि आपण ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पहिल्यांदा कसोटी जिंकलो. अप्पांच्या चाळीत त्या दिवशी रेडिओ खिडकीत ठेवला होता म्हणे, आणि कामावरून आलेली माणसं जिन्यात बसून ऐकत होती. मी त्यांना विचारलं, तेव्हा कुणी म्हणालं नाही का की समोर लिली नाही, चॅपेल नाही, हे काही खरं नाही? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, तेव्हा आम्हाला जिंकायचं होतं. समोर कोण आहे ते बघणं जिंकणाऱ्याला परवडतं होय? पुढे सिडनीही जिंकली, मालिका मात्र आपण 3-2 अशी हरलो, त्या बदली ऑस्ट्रेलियाकडूनच. ही बाजू चाळीत कुणी फारशी सांगत नसे.

खरं तर पॅकरच्या वेळी गोष्ट सोपी होती. मंडळ एकीकडे, शेठ दुसरीकडे, आणि खेळाडूनं कुंपण ओलांडलं की तो बंडखोर. 2024 चं गणित मी अप्पांना समजावू लागलो तेव्हा माझ्याच जिभेला गाठी पडल्या. ही लीग दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाचीच आहे, तिच्यात मंडळाचा स्वतःचाच मोठा वाटा आहे. आधी 2017 ला एक लीग काढायला गेले ती सुरू व्हायच्या आतच बारगळली. मग मझान्सी नावाची काढली, ती दोन हंगाम चालली. तिजोरीत खडखडाट. रँडमध्ये कमवायचं आणि पाउंडात, रुपयांत कमावणाऱ्यांशी स्पर्धा करायची. 2023 च्या जानेवारीत ही नवी लीग उभी राहावी म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलियातली एकदिवसीय मालिका सोडून दिली आणि विश्वचषकाच्या पात्रतेचे गुणही घालवले. इतकं सगळं पणाला लावून जे दुकान थाटलं त्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोठी नावं नसती तर तेही बसलं असतं. न्यूझीलंड दौऱ्याच्या तारखा हलवायचा प्रयत्न झाला, जमलं नाही. तेव्हा खेळाडूंनी लीग निवडली असं म्हणणंही धड खरं नाही. मंडळानंच करारात लिहून ठेवलं होतं. अप्पांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे शेटीनच खाडो करूक लावल्यान?" मी म्हटलं, हो, तसंच. "मगे तो खाडो नाय. ती पाळी बदलली."

आणि शेठ कोण? सहाच्या सहा संघ आपल्या आयपीएलवाल्यांचे. केपटाऊन मुंबईकरांचं, पार्ल राजस्थानचं, जोहान्सबर्ग चेन्नईचं, दरबान लखनऊचं, प्रिटोरिया दिल्लीचं, ईस्टर्न केप हैदराबादचं. आमच्या नाक्यावरच्या सलूनमध्ये जानेवारीतल्या संध्याकाळी टीव्हीवर निळा पोशाख दिसला की खुर्चीतला माणूस मान तिरकी करून स्कोअर विचारतो. सामना कुठल्या खंडात चाललाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रंग ओळखीचा आहे, पोलार्डला याच रंगात वर्षानुवर्षं वानखेडेवर षटकार मारताना पाहिलेलं आहे, बस. मीही तिथे बसून अख्खा डाव बघितलाय, केस कापून झाल्यावरसुद्धा. आयपीएलचे 2023 ते 27 या पाच वर्षांचे प्रसारणाचे हक्क 48,390 कोटींना गेले. एवढी रक्कम कुणी हवेत फेकत नाही. सलूनच्या खुर्चीतली ती तिरकी मान त्यात मोजलेली असते. माऊंट माँगानुईच्या त्या सामन्यासाठी पहाटे उठणारा मी आणि रात्री निळ्या रंगासाठी थांबणारा मी, यांच्यातला कोण जास्त मोजला गेला हे सांगायला हिशेबनीस नको.

म्हणून आपल्याकडून जेव्हा देश-निष्ठा वगैरे शब्द उडू लागतात तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं होतं. आपल्या खेळाडूंना ही निवड करावीच लागत नाही. आयपीएलच्या दिवसांत आपला राष्ट्रीय संघ दुसरीकडे कुठेच खेळत नसतो, आणि उरलेल्या जगानं आपापलं कॅलेंडर त्याभोवती वळवून घेतलेलं असतं. बाहेरच्या लीगमध्ये खेळायला मंडळ परवानगी देत नाही. खेळायचंच असेल तर आधी इथलं सगळं सोडून निवृत्त व्हा, दिनेश कार्तिक झाला तसं, मग खुशाल पार्लला जा. कसोटीचे सामन्याला पंधरा लाख मिळतात, हंगामातल्या बहुतेक कसोट्या खेळला तर वर आणखी प्रोत्साहन रक्कम. आपल्याकडे ताण असलाच तर तो रणजी आणि आयपीएल यांच्यात. श्रेयस अय्यर आणि ईशान किशनची नावं 2024 च्या फेब्रुवारीत वार्षिक करारातून गेली तेव्हा सगळा रोख त्यावरच होता. अय्यर मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना खेळला, 95 धावा काढल्या आणि मुंबई बेचाळिसाव्यांदा जिंकली. त्याच सामन्यात धवल कुलकर्णीनं शेवटचा बळी घेऊन निवृत्ती घेतली. त्याला त्या सामन्यात शेवटचा चेंडू टाकायला मिळावा म्हणून अजिंक्यनं चेंडू त्याच्या हाती दिला, हे आमच्या पिढीच्या मुंबईकराला टीव्हीसमोर गप्प बसवायला पुरेसं होतं. पण त्यानंतर दोनच आठवड्यांत आयपीएल सुरू झाली आणि तो सामना कुणाच्या गप्पांत उरला नाही. माझ्याही नाही.

उरतात ते हाइनरिक क्लासेनसारखे. त्याच्यावर रागवायचं ठरवलं तर मला नीट रागवता येत नाही. चार कसोट्या खेळला, आणि 2024 च्या जानेवारीत, म्हणजे न्यूझीलंड दौऱ्याच्या तोंडावरच, कसोटीतून निवृत्त झाला. काही रात्री झोप लागली नाही, असं म्हणाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं आपल्या काळजाचं पाणी केलं होतं. तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या आणि हा माणूस नुकताच अक्षर पटेलला स्टँडमध्ये भिरकावून उभा होता. तो बाद झाला आणि आपण जिंकलो. एका रात्रीच्या अंतरानं त्याचा देश पुन्हा रिकाम्या हातानं घरी गेला. मग हैदराबादनं त्याला 23 कोटींना राखलं. 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी त्यानं कोलकात्याविरुद्ध 37 चेंडूंत शतक ठोकलं, आणि आठ दिवसांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडल्याचं जाहीर केलं. वय तेहतीस. घरच्यांना वेळ देता येईल, म्हणाला. पुढच्याच आठवड्यात निकोलस पूरननंही सोडलं. वय एकोणतीस, एकही कसोटी न खेळता. त्याआधी 2022 मध्ये ट्रेंट बोल्टनं न्यूझीलंडच्या मंडळाला करारातून मोकळं करायला सांगितलं होतं, आणि त्यानंतर तो मुंबईवाल्यांच्या निळ्या पोशाखात अबुधाबी, न्यूयॉर्क, केपटाऊन असा फिरत राहिला. आणि 2024 च्या जूनमध्ये विल्यमसननंही केंद्रीय करार नाकारला, तोच विल्यमसन ज्यानं बदलीवाल्यांविरुद्ध तीन शतकं काढली होती. यातल्या कुणाला हावरट म्हणावं? गिरणीतला माणूस साठीपर्यंत साच्यावर उभा राहायचा. यांची उमेद पस्तिशीत संपते, गुडघे त्याआधी. पूरनच्या पायांवर तर विशीच्या आत मोटार अपघातानंतर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. उद्या काय होईल याची खात्री नसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको.

तरीही. बार्बाडोसच्या त्या रात्री क्लासेन पॅव्हेलियनकडे चालत गेला ते चालणं हैदराबादसाठी कुणी चालत नाही.

माऊंट माँगानुईच्या त्या कसोटीच्या बरोबर सात दिवस आधी, 28 जानेवारीच्या रविवारी, ब्रिस्बेनला वेस्ट इंडीजच्या शमार जोसेफनं ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवलं होतं. गयानातलं बाराकारा नावाचं नदीकाठचं गाव, तिथे होडीनंच जायचं. आदल्या रात्री स्टार्कच्या चेंडूनं पायाचा अंगठा ठेचलेला. आणि 68 धावांत सात बळी. समालोचन कक्षात लाराच्या डोळ्यांतून पाणी. आमच्या घरी त्या दुपारी हैदराबादला आपण इंग्लंडकडून हरत होतो त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. अप्पा सगळ्यात खूश झाले ते जोसेफ आधी सिक्युरिटी गार्ड होता हे कळल्यावर. संपानंतर गिरणी परत उघडली नाही तेव्हा त्यांनीही कित्येक वर्षं एका बँकेच्या दारात रात्रपाळ्या काढल्या होत्या. सामन्यानंतर जोसेफनं सांगितलं की कितीही पैसा समोर आला तरी वेस्ट इंडीजसाठी कसोटी खेळायला मी नेहमी हजर असेन. मी टीव्हीकडे बघून म्हटलं, बघू या किती दिवस. अप्पांना ते आवडलं नाही. पोरगा आज बोलतोय, त्याला आज तरी बोलू दे, म्हणाले. पंधरवड्यात लखनऊनं त्याला तीन कोटींना घेतलं, आणि वेस्ट इंडीजच्या मंडळानं त्याचा करार वाढवला. तो नंतरही कसोट्या खेळतोय. माझा तो शेरा कोकणी स्वभावाचा होता म्हणावा तर अप्पाही कोकणीच.

बदलीवाल्यांमध्ये सर्वांत मोठा कोण, असं अप्पांना विचारलं तर ते पद्माकर शिवलकर म्हणतात. गेटवर उभा राहिलेला, हातात पास असलेला, आणि ज्याच्यासाठी कधी कुणी खाडाच केला नाही असा. प्रथम श्रेणीत 589 बळी. 1973 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूचे 16 धावांत आठ आणि 18 धावांत पाच. पण पुढे तसाच डावखुरा फिरकीवाला बिशनसिंग बेदी होता, आणि बेदी रजा घेत नसे. त्या काळी निळा, पिवळा, गुलाबी असा कुठला दुसरा पोशाख नव्हता, दुसरी पाळी नव्हती. एकच गेट आणि एकच साचा. शिवलकर 2025 च्या मार्चमध्ये गेले, एकही कसोटी न खेळता. त्यांच्या काळात अशा लीगा असत्या तर त्यांना पैसा मिळाला असता, किंवा बेदी कुठेतरी चार षटकं टाकायला गेला असता आणि शिवलकरांना ती टोपी मिळाली असती. मी हे अप्पांना बोलून दाखवलं. त्यांना कल्पना पसंत पडली नाही असं वाटलं. "बेदी न्हेल्यानी आणि शिवलकराक दिल्यानी, मगे बेदीचा काय?" असं काहीसं पुटपुटले.

डेव्हिड बेडिंगहमचं पुढे काय झालं हे मात्र मी मुद्दाम लक्ष ठेवून बघितलं. हॅमिल्टनला शतक काढणारा तो. त्या दोन कसोट्या हरूनही दक्षिण आफ्रिकेनं पुढे ओळीनं सात जिंकल्या, आणि 2025 च्या जूनमध्ये ते लॉर्ड्सवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळायला उतरले. पहिल्या डावात 138 वर कोसळले, त्यात सर्वांत जास्त 45 बेडिंगहमच्या. डेन पॅटरसन, बदलीवरचा आणखी एक, त्या हिवाळ्यात श्रीलंका आणि पाकिस्तानविरुद्ध पाच-पाच बळी घेऊन पस्तिशीत संघात पक्का झालेला, राखीव म्हणून बाकावर होता. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी 282 चा पाठलाग. मार्करमच्या 136, मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत पळून काढलेल्या बवुमाच्या 66. व्हेरेननं विजयी फटका मारला तेव्हा समोरच्या टोकाला बेडिंगहम होता, 21 वर नाबाद. सत्तावीस वर्षांनी त्यांच्या हाती आयसीसीचा करंडक आला. त्या क्षणी पडद्यावर केशव महाराज रडत होता, मार्करम दिसत होता, बवुमा दिसत होता. बेडिंगहमवर कॅमेरा फार थांबला नाही. कायम झालेल्या माणसाचं काही वेगळं कौतुक होत नसतं.

एवढं सगळं झाल्यावर त्या जगज्जेत्यांनी तिकडच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, स्वतःच्या देशात किती कसोट्या खेळाव्यात? एकही नाही. नोव्हेंबरमध्ये ते इथे येऊन कोलकाता आणि गुवाहाटी दोन्हीकडे आपल्याला धूळ चारून गेले, त्यात सायमन हार्मर होता, तोही एके काळी कोल्पाकच्या वाटेनं देशाबाहेर गेलेला. पण घरी मात्र मैदानं 2027 च्या विश्वचषकासाठी डागडुजीला, आणि लीग एरवी जानेवारीत असायची ती थेट 26 डिसेंबरपासून. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत कसोटी असते हे अप्पांच्या पंचांगात पक्कं आहे. जेवणं उरकून ते टीव्हीसमोर बसले आणि लागला न्यूलँड्सचा दिवे लावलेला सामना, मागे टेबल माऊंटन काळोखात बुडत चाललेला, आणि मैदानात निळे मुंबईकर. याच मैदानावर वर्षभरापूर्वी रायन रिकल्टननं पाकिस्तानविरुद्ध कसोटीत 259 काढल्या होत्या. आता तोच रिकल्टन निळ्या पोशाखात सलामीला आला.

"हेंची घरची कसोटी कधी?" अप्पांनी विचारलं.

मी फोनवर बघून सांगितलं, ऑस्ट्रेलिया येणार आहे, ऑक्टोबर 2026 मध्ये.

"म्हणजे भातकापणीक." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, रिकल्टननं कव्हरमधून मारलेला चौकार बघून मान डोलावली आणि रिमोट उचलून आवाज वाढवला. "तवसर ह्याच बघूया. पोरगो बरो खेळता."